ब्रह्मदेशी सागवान आणि मौद्याची चौकट : एका व्यापारेतिहासाची चिकित्सा

भारत आणि ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) यांच्यामधील सागवानाच्या व्यापारासंबंधी जे लेखन झाले आहे, त्यात एक गृहीत फारशी चर्चा न होता वावरत आले आहे. ते असे की, हा व्यापार दोन देशांमधील एका वस्तूचा व्यापार होता. त्या वस्तूचे मोजमाप आरंभापासून आजपर्यंत एकाच मापाने करता येते. आणि भारताने ब्रह्मदेशाचे लाकूड घेतले ते भारताचे स्वतःचे लाकूड अपुरे किंवा हिणकस होते म्हणून. या तिन्ही विधानांपैकी एकही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. बंदराच्या कचेरीत बसून आकडे वाचणाऱ्या अभ्यासकास ही अडचण सहसा जाणवत नाही. लाकूड जेथे अखेरीस चौकटीत बसते, अशा एखाद्या गावाहून त्याच आकड्यांकडे पाहिले की ती ठळक होते. त्यासाठी येथे नागपूर जिल्ह्यातील मौदा हे स्थळ घेतले आहे.

मौद्याची निवड यादृच्छिक नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे 35 किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी हे गाव आहे. कन्हान सातपुड्यातून उतरते, कामठीजवळ पेंच नदीला पोटात घेते आणि मौद्यावरून पुढे वैनगंगेकडे जाते. म्हणजे मध्यप्रांताच्या ज्या सागवनांचे वर्णन फॉर्सिथ यांनी 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले, त्यांतील काही वनांचे पाणी मौद्याच्या पुलाखालून वाहते. तालुका धानाचा असला तरी तो सागाच्या प्रदेशाच्या कुशीत आहे. दुसरीकडे, नागपूरपासून मुंबई रेल्वेने 837 किलोमीटर आणि हावडा 1131 किलोमीटर आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या कोणत्याही लाकडास ही पेठ दूरचीच. तरीही लाकडाची गोष्ट निघाली की येथील घरबांधणाराच्या तोंडी 'बर्मा' हा शब्द श्रेष्ठतेच्या अर्थाने येतो. साग जेथे उगवतो तेथे परदेशी साग श्रेष्ठ का ठरावा, या प्रश्नाचे उत्तर प्रचलित इतिहासलेखन देऊ शकते काय, हे पाहावयाचे आहे.

प्रथम 'दोन देश' या कल्पनेचा विचार करू. ब्रह्मदेश टप्प्याटप्प्याने ब्रिटिश सत्तेखाली गेला. 1826 च्या यांदाबो तहाने आराकान आणि तेनासरीम, 1852 च्या युद्धाने पेगू, आणि 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश. त्यानंतर 1 एप्रिल 1937 पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, रंगून आणि मुंबई ही एकाच राज्याची दोन बंदरे होती. रंगूनहून मुंबईस येणारा सागवानी ओंडका सरकारी दप्तरात कलकत्त्याहून मुंबईस येणाऱ्या तागाप्रमाणेच किनारी व्यापारात नोंदला जाई. 1935 च्या कायद्याने ब्रह्मदेश वेगळा झाला, 1937 साली त्याच्याशी होणाऱ्या व्यापारासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागला, आणि कालचा किनारी माल परदेशी आयात झाला. ओंडका तोच, जहाज तेच, गिऱ्हाईक तेच. बदलला तो रकाना. विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंत 'भारताची सागवान-आयात' दाखविणारा आलेख काढणारा विद्यार्थी एका राजकीय निर्णयामधून रेघ ओढीत असतो, आणि त्या रेघेतील चढ वाढत्या गरजेचा पुरावा म्हणून दाखवितो.

शिवाय सीमा आणि व्यापार यांचे नाते एकेरी नव्हते. सीमा बदलल्याने व्यापाराचे नाव बदलले हे खरे. पण व्यापारानेही सीमा हलविली. 1863 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे ब्रह्मी राजाच्या मुलखातील निंग्यान वनांचा ठेका होता. जितके ओंडके बाहेर नेले तितक्यांचा मोबदला कंपनीने भरला नाही, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबारी मंडळाने 1885 साली तिला सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला. नोव्हेंबरात युद्ध झाले आणि राज्य बुडाले. त्या युद्धामागे फ्रेंचांच्या वाढत्या वजनाची भीतीही होती, आणि लाकडाच्या तंट्याला एकमेव कारण मानणे उथळपणाचे होईल. तथापि तंट्याचा विषय ध्यानात घेण्यासारखा आहे : ओंडके किती, कोणत्या मापाचे, आणि ते कोणी मोजले. ज्या आकड्यांवर इतिहासकार आपली इमारत उभारतो ते आकडे जन्मतःच वादग्रस्त होते, याचे याहून रोकडे उदाहरण मिळणार नाही.

येथून मापाच्या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. आणि या प्रश्नाकडे झालेले दुर्लक्ष सर्वांत अक्षम्य म्हणावे लागेल. ब्रह्मदेशातील गोल लाकूड हॉपस टनात मोजले जाते. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यावयाचा, त्याचा चतुर्थांश काढावयाचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावयाचे. असे 50 घनफूट झाले की एक टन. हे माप वजनाचे नव्हे, घनफळाचे आहे, आणि तेही खरे घनफळ नव्हे. वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ आणि चतुर्थांश घेराचा वर्ग यांचे गुणोत्तर 1.273 पडते, म्हणजे हॉपस मापात सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहते. गोल ओंडका चौरस करताना पडणारी नासाडी विकणाऱ्याने सोसावी, अशी ही जुनी व्यापारी तडजोड होती. त्यामुळे हॉपस टन सुमारे 1.80 घनमीटरचा होतो, तर 50 खऱ्या घनफुटांचा टन 1.42 घनमीटरचा. एका देशाच्या निर्यातीचा आकडा पहिल्या टनात आणि दुसऱ्या देशाच्या आयातीचा आकडा घनमीटरात असेल, आणि मधल्या कारकुनाने टन म्हणजे 50 घनफूट एवढेच गृहीत धरले असेल, तर एक काडीही चोरीस न जाता पंचमांशाहून अधिक लाकूड कागदावर नाहीसे होते. म्यानमारची निर्यात आणि इतर देशांनी नोंदविलेली त्याच लाकडाची आयात यांतील तफावतीवर अलीकडे बरेच लिहिले गेले आहे. त्या तफावतीत बेकायदा तोडीचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. पण चोरी किती आणि भूमिती किती हे वेगळे न करता काढलेला निष्कर्ष पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही.

वर्गीकरणाचीही गत अशीच. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सागवानाच्या गोल लाकडाला स्वतःचे उपशीर्ष 2022 च्या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी ते त्या पातळीवर अन्य उष्णकटिबंधीय लाकडांच्या घोळक्यात होते. निरनिराळ्या देशांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने याची नोंद घेतलीच पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. भारताचे सागवान हिणकस, म्हणून ब्रह्मदेशाचे आणले, हे विधान कितपत टिकते ? या बाबतीत उपलब्ध ग्रंथांचा रोख वेगवेगळा आहे. अ‍ॅल्बियन यांचा 1926 चा ग्रंथ इंग्रजी आरमाराच्या लाकूडटंचाईचा आहे. ओक संपत आल्यावर सागवानाकडे नजर वळली, ही त्यातील कथा. स्टेबिंग यांचे 1922 ते 1926 या काळात निघालेले तीन खंड वनखात्याच्या कर्तबगारीचा इतिहास सांगतात. त्यांत वन दिसते ते वनाधिकाऱ्याच्या डोळ्यांनी. ब्रायंट यांचा 1997 चा ग्रंथ याच खात्याकडे उलट बाजूने पाहतो आणि वनांवरील ताब्याचे राजकारण उकलतो. ब्रह्मदेशापुरता त्याच्या तोडीचा अभ्यास क्वचित सापडेल. गाडगीळ आणि गुहा यांनी 1992 साली भारतीय बाजू मांडली, आणि आरमार व रेल्वे यांच्या मागणीने वनांचे काय झाले ते दाखविले. चारही ग्रंथ आपापल्या ठिकाणी मोलाचे आहेत. परंतु चौघांचेही मुख्य लक्ष लाकूड कोणी तोडले आणि कोणी तोडू दिले याकडे आहे. लाकूड कोणत्या कामासाठी घेतले गेले, आणि त्या कामास ते खरोखर आवश्यक होते काय, हा ग्राहकाच्या बाजूचा प्रश्न त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी नाही. 'श्रेष्ठ' आणि 'हिणकस' हे शब्द मात्र याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

जहाजबांधणीपासून आरंभ केल्यास चित्र असे दिसते. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जी जहाजे बांधली ती मुख्यतः मलबारच्या सागाची होती. 1817 साली तेथे पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, आणि ते मलबारी सागाचे आहे. बंगालजवळ स्वतःचा साग नव्हता, म्हणून कलकत्त्याच्या गोद्या पेगूच्या सागावर चालत. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक बंदर आपल्या पाणवाटेवरचे लाकूड वापरीत होते. त्यात गुणावगुणाचा निवाडा नव्हता, सोय होती. पुढे मलबारची वने आरमाराच्या मक्तेदारीने पिळली गेली. 1806 साली नेमलेल्या कॅप्टन वॉटसन यांच्या वनरक्षकपदाविरुद्ध एवढी ओरड झाली की 1823 साली ते पद रद्द करावे लागले. तेनासरीम हाती आल्यावर तेथील वने खाजगी तोडीस खुली झाली, आणि मौलमीनच्या आसपास तेच घडले. मग पाळी पेगूची. ब्रँडिस 1856 साली पेगूस आले, त्यांनी तोडीस शिस्त लावली, आणि 1864 साली ते अखिल हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. मौद्याच्या उत्तरेकडील राखीव वनांस ज्या खात्याने रेषा आखल्या, त्या खात्याचे आद्य धडे असे पेगूत गिरविले गेले होते, ही गोष्ट मध्यप्रांताच्या इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी.

ब्रँडिस यांच्या पद्धतीत ब्रह्मदेशी सागाच्या कीर्तीचे गमक दडले आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून तोडावयाच्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल वलय कोरून ते उभ्यानेच मारीत आणि सुमारे तीन वर्षे तसेच वाळू देत. मग तोड, मग हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढणे, मग पावसाळी पुराची वाट पाहणे, मग तराफे. रानातून निघालेला ओंडका रंगूनला पोचेपर्यंत कित्येकदा आणखी काही वर्षे लोटत. शिवाय ओल्या वनांत साडेसात फूट घेराखालील झाड तोडावयाचे नाही असा दंडक होता. तेव्हा 'बर्मा' म्हणून जे लाकूड बंदरात उतरे ते वृद्ध झाडाचे, भरपूर पक्क्या गाभ्याचे आणि वर्षानुवर्षे मुरलेले असे. मध्यप्रांतात याच्या उलट. 1860 नंतर रेल्वेच्या स्लीपरांसाठी जी घाई झाली तिच्यात मिळेल ते झाड पडले; ओले लाकूड बैलगाडीने, पुढे वाघिणीने हलविणे शक्य असल्याने उभ्याने वाळविण्याची निकड कोणासच नव्हती. ज्यास देशाचा गुण समजले गेले तो बव्हंशी पद्धतीचा गुण होता. नदीने भाग पाडले म्हणून ब्रह्मदेशाने लाकूड वाळविले. रेल्वेने सोय केली म्हणून नागपूरने ते ओलेच विकले.

यावर असा आक्षेप येईल की, पद्धत वगळली तरी जातीचा भेद उरतोच. तो उरतो, पण कोठे ? ब्रह्मदेशाच्या ओल्या वनांतील साग उंच, सरळसोट आणि लांब अंतरापर्यंत फांदी नसलेला. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचा साग ठेंगणा, पुष्कळदा वाकडा. (आलापल्लीचा साग या नियमास सणसणीत अपवाद आहे, आणि तो अपवाद सामान्य विधाने करणाऱ्यांस नेहमीच अडचणीचा ठरतो.) म्हणजे श्रेष्ठता लांबीची आणि जाडीची होती. ती कोणास हवी होती ? जहाज बांधणाऱ्यास, धक्का बांधणाऱ्यास, आगगाडीचे डबे बांधणाऱ्यास, आणि मुंबईत चाळीस फुटी दिवाणखान्यावर तुळई टाकणाऱ्या धनिकास.

आता मौद्याची चौकट घेऊ. सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद दाराची, उंबरठ्यासह चौकट. दोन उभ्या बाजू, वर गणेशपट्टी, खाली उंबरठा. लाकूड पाच इंच बाय तीन इंच. एकूण लांबी 21 फूट, म्हणजे लाकूड 2.19 घनफूट, जेमतेम सव्वादोन. तीन फूट घेराचे आणि सात फूट लांबीचे दोन ओंडके असले की, बाहेरचे कच्चे लाकूड आणि करवतीची नासाडी वजा जाताही, ही चौकट सहज निघते. साडेसात फूट घेराच्या, तीस फूट सरळ लांबीच्या वृक्षाने या चौकटीस जे द्यावयाचे ते पेंचच्या रानातील मध्यम झाडही देऊ शकते. अट एवढीच की ते पक्के असावे आणि वाळलेले असावे. लांबीचा जो गुण 'बर्मा'च्या कीर्तीचा पाया होता, तो येथे सुताराच्या करवतीखाली पहिल्याच दिवशी संपतो. तरी किंमत मोजली जाते ती त्या गुणाची. गोदीत कमावलेली कीर्ती चौकटीत खर्च होत आहे. व्यापाराच्या इतिहासात याला गरज म्हणता येत नाही. आणि ज्या लेखनात आयातीचा प्रत्येक घनमीटर गरज म्हणून मांडला जातो त्याचे फेरवाचन येथूनच झाले पाहिजे.

या युक्तिवादास मर्यादा आहेत, आणि त्या लपविणे योग्य नव्हे. चौकट सोडून लांब तुळयांचा विचार केला तर ब्रह्मदेशी लाकडाचा खरा उपयोग मान्य करावा लागतो. शिवाय स्वदेशी पक्के आणि वाळलेले लाकूड मौद्याच्या गृहस्थास कोठे मिळते, हा प्रश्न आहेच. महाराष्ट्र वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि बल्लारशाच्या आगारातील लिलाव लाकूडव्यवसायात सर्वश्रुत आहेत. परंतु लिलावात माल ढिगाने विकला जातो. दोन ओंडक्यांचे गिऱ्हाईक तेथे उभे राहत नाही. ते लकडगंजात किंवा जवळच्या आरागिरणीत जाते, आणि तेथे जे चिराण समोर येईल त्यातून, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून निवड करते. चिरलेल्या लाकडाचा देश नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. नावावर विश्वास ठेवण्यावाचून त्यास गत्यंतर नसते, आणि नावाची किंमत वाढते ती अशा अगतिकतेतूनच.

1988 च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाची आयात सैल करावी असे सांगितले. स्वदेशी वने वाचावीत हा त्यामागील हेतू. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वनांतील तोड संमत कार्ययोजनेच्या चौकटीत बांधली गेली. यामुळे आयातीस जे महत्त्व आले ते निर्विवाद आहे. पण 'आयातीने वने वाचली' या वाक्यात कोणाची वने हा शब्द गाळलेला असतो. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या आश्रयाने झालेल्या 2010 च्या आढाव्यानुसार नैसर्गिक सागवने सुमारे 2.9 कोटी हेक्टर होती. त्यांपैकी जवळजवळ निम्मी म्यानमारात आणि सुमारे 68 लाख हेक्टर भारतात. त्याच आढाव्याप्रमाणे जगातील सागवान-निर्यातीचा 70 ते 100 टक्के भाग भारताकडे येत होता. म्हणजे हा दोन देशांचा व्यापार राहिला नव्हता; एका ग्राहकाचा व्यापार झाला होता. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. 2016–17 मध्ये वर्षभर देशभरची तोड थांबविली आणि बागो योमा पर्वतराजीत दहा वर्षांसाठी. जी वने ब्रँडिस यांनी मोजली होती, ती याच पेगूची, म्हणजे बागोची. भारतीय मागणी मात्र थांबली नाही; ती घाना, टांझानिया, इक्वेडोर, पनामा येथील लागवडींकडे वळली. लागवडीतील पंधरा-वीस वर्षांच्या सागात पक्का गाभा थोडा असतो, आणि घेराच्या बाबतीत तो सातपुड्याच्या सागाला नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही. सातपुड्याचा साग बारीक म्हणून ब्रह्मदेशाचा घेतला. ब्रह्मदेशाचा मिळेना म्हणून त्याहून बारीक इक्वेडोरचा घेतला. गुणवत्तेच्या सिद्धान्ताने या क्रमाचा उलगडा होत नाही. बंदराशी असलेली सोय, कांडल्याभोवती उभ्या राहिलेल्या आरागिरण्या, उधारीची साखळी आणि एकसारख्या मालाचा अखंड पुरवठा या गोष्टींनी तो होतो.

2021 साली म्यानमारच्या सरकारी लाकूड-उद्योगावर अमेरिकेने एप्रिलात आणि युरोपीय संघाने जूनमध्ये निर्बंध लादले. त्यानंतर लाकडाचा उगम सांगणाऱ्या कागदास लाकडाइतकेच मोल आले आहे. एके काळी मंडालेच्या दरबाराने विचारलेला प्रश्न, ओंडके किती आणि कोठले, आता इतर राजधान्यांत विचारला जात आहे.

दरम्यान नावांच्या बाजारात एक उलट घटना घडली. मे 2023 मध्ये नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले तेव्हा त्यातील सागवान नागपूरचे असल्याचे सांगितले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान रवाना झाले होते. विदर्भात याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होय. परंतु चिकित्सकाने येथेही थांबावे. 'नागपूर' हे लाकडाच्या बाबतीत रानाचे नाव नाही, पेठेचे नाव आहे. त्या नावाआड आलापल्लीचा साग उभा आहे की पेंचचा, की आणखी कुठला, हे नावावरून कळत नाही. जसे 'बर्मा' म्हटल्याने पेगू की तेनासरीम हे कळत नसे. एका पेठी नावाच्या जागी दुसरे आणून बसविल्याने इतिहास दुरुस्त होत नाही.

तो दुरुस्त करावयाचा तर साधने बंदरात नाहीत, आत आहेत. बल्लारशा आणि आलापल्लीच्या आगारांतील लिलाववह्या, रेल्वेच्या मालधक्क्यांची पुस्तके, लकडगंजातील जुन्या पेढ्यांची बिले, आणि प्रत्यक्ष चौकटी. नागपूर–हावडा लोहमार्ग मौद्यास न येता तालुक्याच्या उत्तर भागातून गेला. तेव्हा गावात जे लाकूड आले ते अखेरच्या टप्प्यात गाडीनेच आले असणार, आणि गाडीच्या भाड्यास पुरून उरेल एवढीच त्याची लांबी असणार. 1937 पूर्वीच्या आणि नंतरच्या घरांतील खांब, तुळया आणि चौकटी यांचे छेद व लांबी मोजून, त्यांवरील वार्षिक वलये गणून, कोणत्या कामास कोणता साग लागला याची सारणी तयार करणे दोन-तीन विद्यार्थ्यांस एका हिवाळ्यात जमण्यासारखे आहे. मोजताना हॉपसचे माप वापरू नये.